होडीच्या मागच्या शिडीचा पाया उखडला आहे : दुरुस्ती नेमकी कुठून सुरू करावी?

पाणकावळा

नमस्कार. आम्हा चार मित्रांच्या मालकीची २४ फुटी फायबरची एक जुनी होडी वर्सोव्याच्या खाडीत, मढच्या अंगाला नांगरलेली असते. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जाणे आणि किनाऱ्यापासून जरा लांब पोहणे, एवढाच तिचा उपयोग. होडीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, जिला सगळे ट्रान्सम म्हणतात, इंजिनाच्या उजव्या हाताला स्टेनलेस स्टीलच्या पाइपची चार पायऱ्यांची घडीची शिडी आहे. पाण्यातून वर येताना आणि लहान होडक्यातून चढताना तीच उपयोगी पडते.

गेल्या वद्य द्वितीयेला दुपारी दोनच्या सुमारास आम्ही परत आलो, तेव्हा भरती नुकतीच पुरी झाली होती. होडी धुतली, सामान उतरवले, आणि शेवटचा माणूस होडक्यात उतरल्यावर शिडी वर घ्यायची राहून गेली. तो शेवटचा माणूस मीच होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. संध्याकाळी पाणी बरेच खाली गेले, होडी गाळावर बसू लागली आणि तिच्या मागच्या भागाचा भार सर्वांत आधी शिडीवर आला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर खालच्या दोन पायऱ्यांजवळचे पाइप वाकलेले, एका पायरीचा वेल्डिंगचा सांधा अर्धा उघडलेला आणि वरच्या बिजागरीची उजवी पट्टी ट्रान्समपासून बोटभर सुटून आलेली होती. पट्टीभोवतीच्या पांढऱ्या थराला चांदणीसारखे तडे गेले आहेत आणि एका भोकातून तपकिरी पाणी झिरपते आहे. फोटो जोडला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. वाकलेला पाइप सरळ करता येतो का? वेल्डिंग करताना कोणती काळजी घ्यावी? आणि भोकांत पुट्टी भरून त्याच जागी पुन्हा बोल्ट बसवले तर चालेल का? मेच्या दुसऱ्या आठवड्यात होडी पाण्याबाहेर काढायची आहे, त्यामुळे हाताशी थोडा वेळ आहे.

जोडारी

माझा माझगावात फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो. पातळ भिंतीचा पाइप एकदा मुरगळला की त्याच्या आतल्या बाजूला चुणी पडते. तो शिकंजात धरून सरळ केला तरी ती चुणी जात नाही, आणि वाकवण्या-सरळ करण्याच्या खटाटोपात तेवढा भाग कडक होऊन ठिसूळपणाकडे झुकतो. पुढच्या वेळी तो नेमका तिथेच मोडेल. म्हणून वाकलेला तुकडा कापून टाकावा, किंवा सरळ नवी शिडी करून घ्यावी. चार पायऱ्यांच्या शिडीला लागणारा पाइप फारसा नसतो. खर्च होतो तो मजुरीचा, आणि ती दोन्ही प्रकारांत सारखीच पडते.

आधी शिडी कोणत्या स्टीलची आहे ते पाहा. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या दोन जातींतला फरक कळत नाही, दोन्हींना तो जवळजवळ चिकटत नाही. मॉलिब्डेनमची परीक्षा करणारे द्रावण मिळते. त्याचा थेंब टाकून रंग बदलतो का ते बघतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे टिकाव लागतो तो त्याच्या जोरावर. ३०४ची शिडी घराच्या गच्चीवर वर्षानुवर्षे चकाकत राहील, पण खाडीत तिच्यावर वर्षभरात चहाचे डाग पडल्यासारखा तांबूस थर येतो आणि वॉशरखाली, प्लास्टिकच्या टोप्यांखाली, जिथे हवा पोचत नाही तिथे बारीक खड्डे पडू लागतात.

रेझिनवाला

जोडारी यांचे म्हणणे बरोबर आहे, पण मला शिडीपेक्षा त्या तपकिरी पाण्याची काळजी वाटते. फायबरच्या बहुतेक जुन्या होड्यांचा ट्रान्सम म्हणजे बाहेर एक फायबरचा थर, आत एक थर आणि मध्ये प्लायवूड. इंजिनाचे वजन आणि जोर पेलायला तो प्लाय घातलेला असतो. झिरपणारे पाणी स्वच्छ असते तर ते नुसते साठलेले पाणी समजलो असतो; ते चहाच्या रंगाचे असेल आणि त्याला कुजका वास येत असेल, तर मधले लाकूड सडले आहे असे समजावे. ही सड त्या द्वितीयेला सुरू झालेली नाही, ती काही वर्षांपासून चालू असावी. शिडीच्या भोकांतून पाणी आत जात राहिले आणि त्या दिवशी फक्त पट्टी सुटली.

उद्या एक काम करा. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन सगळा ट्रान्सम हातभर अंतरावरून ठोकत या. जिथे लाकूड धड आहे तिथे टणक, कोरडा आवाज येईल आणि जिथे सडले आहे तिथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज येईल. बद्द आवाजाची हद्द खडूने आखून घ्या. ती हद्द इंजिनाच्या बोल्टांपर्यंत जात असेल तर शिडीचा विषय बाजूला ठेवावा लागेल. तोवर त्या शिडीवर कोणीही पाय ठेवू नये.

आणखी एक विचारतो. सुटलेल्या पट्टीतून बोल्ट बाहेर आले की स्क्रू?

पाणकावळा

चारपैकी दोन स्क्रू निघाले. आतल्या बाजूने नट दिसतात ते दोनच, आणि त्यांच्यामागे रुपयाएवढे वॉशर आहेत.

शंकेखोर

प्रतिसाद वाचतो आहे आणि थोडे आश्चर्य वाटते आहे. आठवड्यातून एकदा पोहायला वापरायची शिडी आहे, त्यासाठी अर्धा ट्रान्सम उघडायचा म्हणजे नखाएवढ्या कामाला कुऱ्हाड घेण्यासारखे नाही का? माझ्या एका परिचितांनी अशाच भोकांत दोन भागांची पुट्टी भरली, स्क्रूऐवजी बोल्ट घातले, मागे मोठे वॉशर लावले आणि त्यांचे तीन हंगाम बिनबोभाट गेले. माणसाचे वजन ते किती, ८०-९० किलो. इंजिन त्याच्या दुपटीहून जड असते आणि तेही त्याच ट्रान्समवर लटकते.

रेझिनवाला

शंकेखोर यांचा प्रश्न योग्य आहे, पण वजनाचा हिशेब इतका सरळ नाही. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचे वजन ट्रान्समपासून साधारण ३० सेंटिमीटर मागे पडते. या होडीत शिडीचा तिरका टेकू बिजागरीच्या पट्टीलाच अडतो. शिडी खाली कुठेही ट्रान्समला टेकत नाही, हे फोटोत दिसते. म्हणजे सगळे उलटे पाडणारे बळ त्या पट्टीने पेलायचे आहे. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत ८ सेंटिमीटर अंतर धरले, तर ९० किलोच्या माणसासाठी वरच्या बोल्टांवर बाहेर ओढणारा ताण येतो ९० गुणिले ३० भागिले ८, म्हणजे जवळजवळ ३४० किलो. हा हिशेब होडी स्थिर असतानाचा आहे. लाटेवर होडीचे मागचे अंग वर उचलले जात असताना माणूस पायरीवर झोका घेतो, तेव्हा तो आणखी वाढतो. हा ताण रुपयाएवढे दोन वॉशर आणि कुजक्या लाकडात रुतलेले दोन स्क्रू यांच्या भरवशावर होता.

इंजिनाचे बोल्ट आरपार असतात, जाड असतात आणि त्यांच्यामागे पट्टी असते. तुमच्या परिचितांच्या होडीतले मधले लाकूड कोरडे असेल तर पुट्टीवर तीन हंगाम जातीलही. इथे ते कोरडे नाही.

निवृत्त सारंग

३४ वर्षे बोटीवर होतो, त्यातली शेवटची ११ सारंग म्हणून. छोट्या फायबरच्या होड्यांचा अनुभव नाही, पण माणसे चढण्या-उतरण्याच्या शिड्या आयुष्यभर सोडल्या आणि ओढल्या, म्हणून दोन शब्द लिहितो.

मोठ्या जहाजावर पायलटसाठी, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्यासाठी, सोडतात त्या दोरीच्या शिडीची लाकडी पायरी कधी रंगवत नाहीत. रंग दिला की भेग झाकली जाते. मोडलेल्या पायऱ्या बदलताना वेगळ्या पद्धतीने बांधलेल्या पायऱ्या एका शिडीत दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. तिसरी मोडली की शिडी बाद होते. नव्या पोरांना हे नियम कटकटीचे वाटत. पण भर समुद्रात दोरीवर लोंबकळणाऱ्या माणसाला पायरी तपासायला सवड नसते, म्हणून ती तपासणी आधी आणि उघड्या डोळ्यांनी करता आली पाहिजे.

पाणकावळा, तुमच्या शिडीच्या पायऱ्यांवर काळी प्लास्टिकची आवरणे दिसतात. ती काढून चारही पायऱ्यांचे सांधे पाहा. अर्धा उघडलेला सांधा तुम्हाला दिसला तो आवरण सरकले म्हणून. बाकी तिन्ही धड असतील असे मी तरी धरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. तुमची सर्वांत खालची पायरी पाण्याच्या पातळीखाली किती जाते? अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमात ती किमान २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर खाली असावी असे म्हटले आहे, आणि शिडी पाण्यातल्या माणसाला एकट्याने उघडता आली पाहिजे. पायरी उथळ असेल तर दमलेल्या माणसाला गुडघा छातीपर्यंत उचलावा लागतो, आणि ते कोणाला जमत नाही. नवी शिडी करायचीच असेल तर हे माप आत्ताच धरून करा.

खाडीवाली

आमच्या घरच्या दोन नौका वर्सोव्यात आहेत. सारंगकाकांचे माप खरे आहे, पण अडचणही त्यातच आहे, कारण शिडी जितकी खोल जाईल तितकी ती गाळाला लवकर टेकणार. या खाडीत उधाणाच्या ओहोटीला कित्येक होड्या पोटावर बसतात, हे इथे नांगर टाकणाऱ्याने गृहीतच धरले पाहिजे.

पाणकावळादादा, तुम्ही द्वितीयेला परतलात म्हणता. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात : तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीयेला ती दीड वाजता, म्हणजे ओहोटी पावणेआठच्या आसपास. पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात, तेव्हा पाणी जितके चढते तितकेच उतरते. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढते-उतरते तेव्हा, हीच चूक झाली असती तर बहुधा शिडीचे टोक गाळाला टेकलेही नसते.

मला खटकतो तो तिरका टेकू. तो शिडीला एका कोनात कुलूप घातल्यासारखा धरतो. खालून रेटा आला तर शिडी मागे फिरून मोकळी व्हायला हवी होती. टेकूने ती फिरू दिली नाही, गाळाने पाय धरून ठेवले आणि वरून होडी बसली. आमच्या नौकांना लाकडी शिडी नुसती आकड्यावर अडकवलेली असते. ओबडधोबड दिसते, पण खाली काही लागले की ती उचलली जाते, मोडत नाही.

जोडारी

खाडीवाली ताईंनी नेमके बोट ठेवले. टेकू काढून टाकावा आणि शिडीच्या दोन्ही उभ्या पाइपांना बिजागरीपासून साधारण ४० सेंटिमीटर खाली रबरी टोपीचे दोन पाय जोडावेत, जे ट्रान्समला नुसते टेकतील. माणूस चढला की त्याच्या वजनाने शिडीचा खालचा भाग होडीकडे दाबला जातो आणि ते पाय ट्रान्समवर बसतात. खालून रेटा आला तर शिडी मागे मोकळी झुलते.

रेझिनवाला यांचाच हिशेब पुन्हा मांडतो : ९० गुणिले ३० भागिले ४०, म्हणजे बिजागरीवर बाहेर ओढणारा ताण ३४० ऐवजी ७० किलोच्या आत येतो. उरलेले बळ रबरी पायांखाली दाब म्हणून जाते आणि दाब फायबरला ओढीपेक्षा पुष्कळ सोसतो. दोन वितीच्या पाइपाचे काम आहे, ते पहिल्यांदाच का केले नाही कोणास ठाऊक.

रेझिनवाला

मान्य. फक्त रबरी पाय जिथे टेकतील तिथलाही ट्रान्सम टणक वाजतो आहे ना, ते पाहूनच जागा ठरवावी.

पाणकावळा

सर्वांचे आभार. होडी मागच्या शनिवारी वर घेतली आणि काल दिवसभर तिच्यापाशी होतो. जे आढळले ते क्रमाने लिहितो.

सारंगकाकांच्या सांगण्याप्रमाणे पायऱ्यांची आवरणे काढली. चारपैकी आणखी एका सांध्याला केसाएवढी भेग आहे आणि दोन पायऱ्यांवर आवरणाखाली खड्डे पडलेले आहेत. थेंबाच्या परीक्षेत शिडी ३०४ची निघाली. बिजागरीची पट्टी मात्र ३१६ची आहे. बोल्टांच्या डोक्यावर ए२-७० असे कोरलेले आहे.

ठोकून पाहिल्यावर उजव्या पट्टीभोवती दोन विती रुंद आणि हातभर उंच भाग बद्द वाजला. इंजिनाच्या बोल्टांपासून ही हद्द एक वीत अलीकडे थांबते, हे नशीब म्हणायचे. आतल्या बाजूने एक लहान चौकोन कापून पाहिला. मधला प्लाय काळा पडलेला, बोटाने उकरता येईल इतका मऊ, आणि वरच्या दोन भोकांपासून खाली ओघळ उतरल्यासारखी ती सड दिसते. भोकांच्या कडेला सीलंटचा मागमूस नाही. होडी घेतली तेव्हापासून शिडी तशीच होती, म्हणजे आमच्याआधी कोणीतरी ती नुसती भोके पाडून बसवली असणार.

रेझिनवाला यांनी पुढचे सविस्तर सांगावे अशी विनंती. शंकेखोर, तुमची कुऱ्हाड अखेर लागलीच.

रेझिनवाला

इंजिनापर्यंत सड गेलेली नाही, ही मोठी गोष्ट आहे. काम आतून करा. बाहेरचा थर शाबूत राहिला तर होडीचा आकार आणि दर्शनी भाग बिघडत नाही.

आतला फायबरचा थर बद्द हद्दीच्या चार बोटे पलीकडे, टणक लाकूड लागेपर्यंत कापा. कापलेला तुकडा फेकू नका, मापाला उपयोगी पडतो. सडलेला प्लाय पटाशीने काढून टाका आणि बाहेरच्या थराची आतली बाजू ग्राइंडरने खरवडून कोरडी, खरखरीत करा. यानंतर घाई करू नका. उघडी जागा आठ-दहा दिवस वाळू द्या, दिवसा पंखा लावा, रात्री झाका. ओल्या लाकडावर नवे काम चिकटवले तर आपण सड आत डांबून ठेवतो. मे महिना त्यासाठी बरा आहे. जून लागला की मुंबईत काही वाळण्याची आशा सोडावी.

नवा तुकडा आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायचा घ्या. जुन्या जाडीला जुळेल असे दोन थर एकमेकांवर चिकटवा आणि बसवण्याआधी सर्व कडांना पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारे रेझिन) पाजा, कारण प्लाय पाणी पितो तो कडांतून. चिकटवायला पॉलिस्टर रेझिन वापरू नका. ते नव्या होडीच्या साच्यात उत्तम काम करते, पण जुन्या, पुरत्या वाळलेल्या थराला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरते. पीठाइतकी दाट केलेली इपॉक्सी दोन्ही बाजूंना लावून, बाहेरून फळी आणि शिकंजे देऊन तुकडा दाबून ठेवा.

वरून फायबरचे थर चढवताना जुन्या थराच्या कडा उतरत्या करा. थर ५ मिलिमीटर जाड असेल तर उतार ६० मिलिमीटर लांब, म्हणजे बारास एक. उभ्या कडेला कडा भिडवून केलेला सांधा दिसायला सारखाच दिसतो, पण पहिल्या दणक्याला उघडतो. इथे बरेच जण एक चूक करतात : दुकानात स्वस्त मिळणारी काचेच्या तुटक धाग्यांची मॅट इपॉक्सीबरोबर वापरतात. त्या मॅटमधले धागे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसते, म्हणून मॅट नीट भिजत नाही आणि ताठ राहते. इपॉक्सीसाठी विणलेले किंवा शिवलेले काचेचे कापड घ्या.

उन्हाळ्यात इपॉक्सी डब्यात खोलवर राहिली तर स्वतःच्याच उष्णतेने मिनिटांत तापून धुमसते. थोडी थोडी कालवा आणि पसरट ताटलीत ओता. दोन थरांच्या मध्ये रात्र गेली तर सकाळी पृष्ठभाग हाताला मेणचट लागेल. तो थर पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवायचा असतो; नुसता अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवल्याने तो पसरतो. बाहेरच्या चांदण्यांवर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या, कारण इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर, नीट वाळत नाही. ग्राइंडर चालवताना मास्क आणि अंगभर कपडे घाला. काचेची धूळ आठवडाभर खाजवते, आणि फुप्फुसात गेलेली बाहेर काढता येत नाही.

शंकेखोर

माझा आक्षेप मागे घेतो, निदान या होडीपुरता. पण खर्च आटोक्यात राहावा म्हणून विचारतो : मुंबईत रे रोडजवळच्या दारुखान्यात जहाजे तोडून निघालेले सामान मिळते, तिथे एखादी तयार शिडी मिळणार नाही का?

निवृत्त सारंग

दारुखान्यात शिड्या ढिगांनी मिळतील, पण त्या जहाजाच्या असतात : जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, जड, आणि तुमच्या होडीच्या मागे लावल्या तर होडीचे तोंड वर होईल. स्टेनलेसचे पाइप आणि कठडेही दिसतात, पण ते जहाजाच्या भटारखान्यातले की डेकवरचे हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. थेंबाची परीक्षा करून पाइप घ्यायचा असेल तर जरूर जा. तयार शिडीच्या आशेने जाऊ नका. नट-बोल्टांसाठी नागदेवी स्ट्रीट बरा. तिथे ए४ मागावे आणि डोक्यावर ए४ कोरलेले स्वतः वाचून घ्यावे.

जोडारी

ए४ म्हणजे ३१६च्या जातीचे, ए२ म्हणजे ३०४च्या. सारंगसाहेबांनी बरोबर सांगितले, वाचूनच घ्यावे.

शिडीसाठी मी २५ मिलिमीटर बाहेरच्या मापाचा आणि २ मिलिमीटर भिंतीचा ३१६एल पाइप घेईन. शेवटचा एल महत्त्वाचा आहे : त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो, त्यामुळे वेल्डिंगच्या आचेत क्रोमियम कार्बनशी जखडले जाऊन सांध्याच्या कडेला गंज धरण्याची भीती कमी होते. वेल्डिंग आर्गनवर, ३१६एलच्याच तारेने करून घ्या, आणि वेल्डिंग चालू असताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. आतून आर्गन नसेल तर सांध्याची आतली बाजू जळून साखरेसारखी रवाळ होते. बाहेरून सांधा देखणा दिसतो आणि आतून पोखरत जातो. बहुतेक कारागीर हे विचारल्याशिवाय करत नाहीत, कारण वायू जास्त लागतो.

ज्या कारखान्यात साध्या लोखंडाचे काम चालते तिथे एक धोका असतो. लोखंडावर फिरवलेला ब्रश किंवा ग्राइंडरचे चाक स्टेनलेसवर फिरवले की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच आठवड्यात ठिपके उठतात. माझ्या उमेदवारीत मी हे एका गिऱ्हाइकाच्या कठड्यावर केले होते आणि सगळा कठडा स्वखर्चाने पुन्हा घासून दिला होता. वेल्डिंगनंतर सांध्यांना पिकलिंग पेस्ट लावून निळसर-काळे डाग काढून घ्या. त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, म्हणून ते काम घरी करू नका.

बंद पाइपमध्ये पाणी शिरतेच, तेव्हा प्रत्येक उभ्या पाइपच्या तळाला ५ मिलिमीटरचे भोक ठेवा. पायऱ्या गोल पाइपच्या न करता दोन इंच रुंद चपट्या, वर खरखरीत केलेल्या करा, म्हणजे अनवाणी पायाला टोचणार नाहीत आणि आवरणांची गरजही उरणार नाही. स्टेनलेसचे नट स्टेनलेसच्या आट्यांवर कोरडे आवळले की मध्येच चावून बसतात, मग कापूनच काढावे लागतात. आट्यांना अँटीसीझ ग्रीस लावा आणि पाना सावकाश फिरवा.

रेझिनवाला

बोल्टांविषयी माझी भर. ८ मिलिमीटरच्या बोल्टासाठी नव्या प्लायमध्ये आधी १४ मिलिमीटरचे भोक पाडा, ते दाट इपॉक्सीने गच्च भरा आणि ती कडक झाल्यावर मधोमध साडेआठचे भोक पाडा. असे केले की पुढे कधी सीलंट निकामी झाले तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही, इपॉक्सीच्या नळीतच अडते. पाणकावळा यांच्या होडीत एवढे एक काम सुरुवातीला झाले असते तर शिडी वाकली असती, ट्रान्सम वाचला असता.

आतून वॉशरऐवजी ६ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी ३१६ची पट्टी दोन्ही बिजागऱ्यांमागे द्या. बाहेरच्या भोकाच्या तोंडाला किंचित खोलगट करा, म्हणजे पॉलियुरेथेन सीलंटचे कडे तिथे अडकून बसेल. आवळताना बाहेरचे बोल्टाचे डोके स्थिर धरून आतला नटच फिरवा. बोल्ट फिरला की सीलंट फाटते. सिलिकॉन वापरू नका, एकदा लावले की त्या जागी पुढे काहीही चिकटत नाही.

पाणकावळा

काम संपायला साडेतीन आठवडे लागले. प्लाय वाळवण्यातच अकरा दिवस गेले, कारण मधे दोन दिवस ढग आले आणि आम्ही धीर धरला. कारागीर मिळणे अवघड झाले होते. १ जूनपासून मासेमारीबंदी लागते म्हणून सगळ्या नौका किनाऱ्यावर येण्याच्या तयारीत होत्या आणि ज्याला विचारावे तो नारळी पौर्णिमेपर्यंतचे काम हातात घेऊन बसलेला. शेवटी फायबरचे काम आम्हीच केले. पहिली ताटली धुमसली, हेही नोंदवतो.

शिडी एका कारागिराकडून ३१६एलमध्ये करून घेतली. आतून आर्गन सोडायला सांगितल्यावर त्याने आधी माझ्याकडे नीट पाहून घेतले, मग सोडला. खालची पायरी पाण्याखाली ५८ सेंटिमीटर जाते. टेकू काढला, रबरी पाय दिले. शिडी वर घडी करून धरणाऱ्या खिळीला जाड दोरीची गाठ मारून तिचे टोक पाण्यालगत सोडले आहे, म्हणजे पाण्यातला माणूस ओढून ती उघडू शकेल.

होडी जमिनीवर असतानाच सर्वांत खालच्या पायरीला २० लिटरचे सहा भरलेले कॅन टांगले, म्हणजे १२० किलो, आणि तासभर ठेवले. नंतर आम्ही दोघे एकाच वेळी वरच्या पायऱ्यांवर चढून मुद्दाम झोके घेतले. पट्टीच्या कडेला कागद घालून पाहिला, कुठेही सरकला नाही. होडी मात्र आता पाऊस संपल्यावरच पाण्यात जाईल.

खाडीवाली

दोरीचे टोक पाण्यालगत सोडलेत, ते ठीक. पण ती सुती किंवा नायलॉनची असेल तर सहा महिन्यांत तिच्यावर शेवाळ आणि शिंपले चढून ती ताठ होईल आणि खिळी ओढता येणार नाही. पातळ पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते, आणि टोकाला लाल बोया बांधा. किनाऱ्यावर होडक्यात बसल्यावर बोया पाण्यात लोंबताना दिसला तर शिडी वर आहे, आणि तो दिसला नाही तर मागे फिरायचे, असे ठरवून ठेवा.

पाणकावळा

हे सुचले नव्हते. दोरी उद्याच बदलतो. बोया आहे, फक्त नारिंगी आहे.